उजव्यात लागलेली पांढरी पिन

मित्रांनो, मी एक जुनी वायर आहे. नुसती वायर म्हटलं की तुम्हाला इस्त्रीची किंवा पंख्याची आठवेल, म्हणून आधीच सांगून टाकते: माझं काम वीज नेण्याचं नाही, आवाज नेण्याचं आहे. माझ्या एका टोकाला एक बारीक पिन आहे, ती कॉम्प्युटरच्या पाठीत बसते. दुसऱ्या टोकाशी माझे दोन पाय होतात आणि प्रत्येक पायाला एक जाड पिन आहे. त्या दोन पिना अँप्लिफायरच्या पाठीत बसतात. एका पिनेच्या गळ्याशी लाल दोरा गुंडाळलेला आहे, दुसरीच्या गळ्याशी पांढरा. तेवढे दोन रंग लक्षात ठेवा, बाकी सगळं मी सांगते.

माझा जन्म देवासचा, १९९९ सालचा. तिथल्या एका कारखान्यात रत्नाकरराव प्रेस शॉपमध्ये होते. नोकरीसाठी नाशिकहून आले ते पंचवीस वर्षं पत्र्यावर आदळणाऱ्या मशीनशेजारी उभे राहिले. दिवसभर धाडधाड ऐकून आलेल्या माणसाला घरी शांतता हवी असेल, असं कुणालाही वाटेल. यांना मात्र चांगला आवाज हवा असायचा. घरात त्यांनी हौसेनं जमवलेला संच होता. एक अँप्लिफायर, एक कॅसेटचा डेक आणि कमरेएवढे उंच दोन स्पीकर. त्या स्पीकरवर फुलदाणी ठेवायची कुणाची हिंमत नव्हती. त्यांच्या पत्नी शशिकलाबाई एकदा चुकून वाळवणाचं ताट ठेवून बसल्या, तर ते पापडांसकट आठवडाभर ऐकवलं गेलं.

त्या वर्षी त्यांच्या मुलानं, अभिषेकनं, घरी कॉम्प्युटर आणला आणि बाजारातून मिळाली ती पहिली वायर घेऊन तो संचाला जोडला. गाणं लागलं, पण गाण्यामागं एक घूं घूं असा आवाज सारखा येत राहिला.

"अहो, तुमच्या पेटीत माशी शिरलीय बघा," शशिकलाबाई म्हणाल्या.

झालं. रत्नाकररावांना जेवण जाईना. पुढच्या रविवारी ते सकाळीच इंदूरला गेले आणि दुपारी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं माझं अंग घेऊन परतले. आत तांब्याची तार, तिच्यावर रबर, त्यावर तांब्याच्याच धाग्यांची दाट जाळी आणि वर काळं कातडं. ती जाळीच खरी. शेजारून जाणाऱ्या विजेच्या तारांची कुरकुर ती अंगावर घेते आणि आतल्या आवाजाला लागू देत नाही. आपल्या तोंडानं आपली स्तुती करू नये हे मला कळतं, पण खोटं तरी कशाला बोलू?

जेवणाच्या टेबलावर मला कापलं. शिवणाच्या टेपनं मोजून माझे दोन्ही पाय अगदी सारखे केले. खरं तर बोटभर इकडं तिकडं झालं असतं तरी आवाजाला काही फरक पडत नाही, पण त्यांना हे सांगणार कोण? मग सोल्डरचा धूर झाला, शशिकलाबाईंनी खिडकी उघडली, आणि मला पिना बसल्या. पिना चांगल्या होत्या, पण दोन्ही काळ्याभोर. जुळ्या पोरींसारखी गत. तेव्हा शशिकलाबाईंनी शिवणाच्या डब्यातून दोन रिळं आणली.

"लाल कुठली करू?"

"लाल उजवी, पांढरी डावी. जगभर हाच नियम आहे."

"बरं बाई, जगाचा नियम," म्हणत त्यांनी दोरे गुंडाळले, गाठ मारली आणि दातानं तोडले. अँप्लिफायरच्या पाठीवरचे रंग केव्हाच उडालेले होते. तिथं रत्नाकररावांनी जखमेला लावायच्या पांढऱ्या पट्टीचे दोन तुकडे चिकटवले आणि त्यांवर बॉलपेननं लिहिलं: 'उजवा' आणि 'डावा'.

मला जोडलं तेव्हा आधी त्यांनी गाणं लावलंच नाही. नुसतं बटण फिरवून आवाज वाढवत नेला. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही, आणि ते हसले. चांगल्या वायरीची परीक्षा तीच असते. शेजारचे मोरोपंत दर रविवारी गाणी ऐकायला येत. त्यांनी मला हातात धरून निरखलं आणि अस्सल इंदुरी बोलीत म्हणाले, "मान गये भिया. यात तर कचराच नाही." मी अजून ते विसरलेले नाही.

आता मित्रांनो, ज्यासाठी ही कहाणी सांगतेय ती गोष्ट आली.

माझ्या जन्माच्या चार वर्षं आधी, १९९५ मध्ये, त्या घरात एक बारसं झालं होतं. अभिषेकच्या मुलीचं, जान्हवीचं. रत्नाकररावांनी ते कॅसेटवर भरून ठेवलं होतं, आणि तेही साधंसुधं नाही. डेकला दोन माइक लावले. डावीकडचा माइक पाळण्याशी, शशिकलाबाईंच्या समोर. उजवीकडचा बायकांच्या घोळक्यात. म्हणजे डाव्या बाजूला एकटी आजी आणि उजव्या बाजूला सगळा गलका, ताटवाट्या, हसणं, कुणाचं तरी रडणारं मूल. शशिकलाबाईंनी स्वतः जुळवलेला पाळणा म्हटला होता:

टेकरीवरनं आला वारा,
हळू हलवा गं दोरा,
जान्हवी आमची निजली गं,
नाव ऐकून हसली गं.

पाळणा सुरू करण्याआधी त्यांनी माइककडं वाकून विचारलं होतं, "अहो, येतंय का ऐकू?" रत्नाकरराव पलीकडं डेकशी कानाला हेडफोन लावून बसलेले. त्यांनी तिथूनच नुसता हात वर केला. त्यामुळं कॅसेटमध्ये प्रश्न आहे, उत्तर नाही.

२००० साली ती कॅसेट त्यांनी माझ्यातून कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतली. त्या दिवशी मी उलट्या दिशेनं काम केलं, डेककडून कॉम्प्युटरकडं. लाल पायातून गलका गेला, पांढऱ्या पायातून शशिकलाबाई गेल्या. माझ्यातून पुष्कळ मोठमोठी गाणी गेली असतील, पण इतका साधा आणि इतका जवळचा आवाज दुसरा गेला नाही. बरं झालं उतरवून घेतलं, कारण पुढच्याच पावसाळ्यात डेकनं ती कॅसेट गिळली. टेपचा असा गुंता झाला की शेवटी कात्रीच लावावी लागली. मग आजीचा पाळणा जगात एकाच ठिकाणी उरला, त्या कॉम्प्युटरच्या पोटात.

२००३ मध्ये शशिकलाबाई चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन गेल्या. मला रडता येत नाही. पण त्यानंतर घरात कुणी मला जोडलं नाही, आणि मलाही ते नकोच होतं.

त्यांचं वर्षश्राद्ध झालं त्या दुपारी, पाहुणे गेल्यावर, रत्नाकररावांनी कॉम्प्युटर लावला. मला जोडलं. लाल उजव्यात, पांढरी डाव्यात, जगाच्या नियमाप्रमाणं. दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये त्यांची खुर्ची असायची, तीत बसले आणि बारसं सुरू केलं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. कारखान्यातलं मशीन त्यांच्या डाव्या हाताला असायचं. पंचवीस वर्षांत त्यानं त्यांचा डावा कान हळूहळू खाऊन टाकला होता. घरात सगळ्यांना ते समजलं होतं, फक्त त्यांना सोडून. कुणी दोनदा हाक मारली की म्हणायचे, "माझे कान ठणठणीत आहेत, तुम्हीच पुटपुटता."

तर त्या दुपारी त्यांना ऐकू आलं ते काय? उजव्या स्पीकरमधल्या ताटवाट्या, बायकांचा गलका, रडणारं मूल. शशिकलाबाई डाव्या स्पीकरमधून स्वच्छ गात होत्या. तो आवाज निघत होता आणि त्यांच्या डाव्या खांद्यापाशी येऊन थांबत होता. जो थोडाफार उजव्या कानाकडं वळत असेल तो त्या गलक्यात बुडत होता. त्यांनी पुन्हा लावलं. माझ्या पिना काढून पुसल्या, घट्ट बसवल्या. तिसऱ्यांदा लावलं. मग कॉम्प्युटर बंद केला आणि स्वतःशीच म्हणाले, "गेला आवाज. पुसला गेला."

ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही. आवाज जपून ठेवणारा म्हणून ज्या माणसाचं नाव होतं, त्याच्या हातून बायकोचाच आवाज गेला, हे सांगणार कसं? मला तर सगळं ठाऊक होतं. तो माझ्याच अंगातून गेला होता. पण मी पडले वायर. दुसऱ्यांचं बोलणं नेते, माझं स्वतःचं नेणारं कुणी नाही.

अभिषेक एव्हाना नोकरीसाठी धारला राहत होता, त्याच महिन्यात त्यानं त्यांना आपल्याकडं नेलं. सामान बांधताना मला कॉम्प्युटरच्या पाठीतून उपटलं आणि माझ्याच अंगानं वळकटी आवळली. धारला पोचल्यावर वळकटी सुटली आणि मी गच्चीत पडून राहिले. अभिषेकची बायको शिखा हिनं तिथं कुंडीत गिलकीचा, म्हणजे घोसाळ्याचा, वेल लावला होता. त्याला कठड्याशी बांधायला काहीतरी हवं होतं. मी समोरच होते.

पुढची चार वर्षं मी वेल सांभाळला. माझ्या अंगाला गिलकी लागली, लोकांनी त्यांची भाजी खाल्ली. उन्हानं माझं कातडं कडक झालं, एका पावसाळ्यात माझा पांढरा पाय पिनेजवळ तुटला. शिखाचा राग करू नका, तिला काय माहीत? तिच्या दृष्टीनं मी एक मजबूत दोरी होते. एका अर्थी तीही तारीफच.

मग २००८ चा उन्हाळा आला. कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. चालू केला की आतून टकटक वाजायचा. अभिषेकनं ठरवलं होतं, रविवारी तो जुन्या सामानवाल्याला देऊन टाकायचा. त्याआधी त्यात काही कामाचं आहे का, ते बघायला जान्हवी बसली. ती आता तेरा वर्षांची होती. नुसते वाजतात म्हणायचे, असले दोन टिनपाट स्पीकर कॉम्प्युटरला लावलेले होते. थोड्या वेळानं ती धावत आजोबांकडं गेली.

"आजोबा, बारसं मिळालं. त्यात आजी गातेय."

रत्नाकरराव वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही. "त्यात काही नाही बेटा. आवाज उडालाय त्यातला."

"नाही उडाला. मी आत्ता ऐकला ना."

"दुसरी कुणी बाई असेल."

"आजी गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते. मला पता आहे आजीचा आवाज."

त्यांना तिनं ओढतच आणलं. त्या टिनपाट स्पीकरपुढं ते वाकले, थोडा वेळ ऐकलं आणि मान हलवली. त्यांना गलकाच ऐकू आला. नातीचं मन मोडू नये म्हणून म्हणाले, "असेल, असेल," आणि परत जाऊन बसले. पण त्यांचं वर्तमानपत्र उलटं धरलेलं होतं, ते जान्हवीनं पाहिलं.

रविवारला दोन दिवस होते. त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरमधून काही दुसरीकडं काढून घ्यायची सोय जान्हवीला सापडेना. तिनं ठरवलं, मोठे स्पीकर लावायचे. संच कोपऱ्यात चादरीखाली झाकलेला होताच. वायर नव्हती.

"एक होती," आजोबा म्हणाले. "मी केलेली. एका पिनेला लाल दोरा, एकीला पांढरा. कुठं गेली कुणास ठाऊक."

जान्हवीनं सगळी कपाटं उपसली. शेवटी तिचं लक्ष गच्चीत गेलं. वेलाच्या पानांत एक मळका लाल दोरा लोंबत होता. तिनं फार जपून मला सोडवलं, वेलाला त्याऐवजी सुतळी बांधली, आणि मला ओल्या फडक्यानं पुसून आजोबांच्या मांडीवर ठेवलं.

रत्नाकररावांनी माझा तुटका पाय बोटानं चाचपला. मग म्हणाले, "माझी हत्यारांची पेटी आण."

"म्हणजे बारसं ऐकणार तुम्ही?"

"त्यात काही नाही, सांगितलं ना. वायर तुटलेली बघवत नाही, एवढंच."

सोल्डरचा धूर पुन्हा झाला. जोडाचा डाग एकदा चुकला, पण दुसऱ्यांदा अचूक बसला. पांढरा दोरा सैल झाला होता, तो त्यांनी नीट गुंडाळला. शशिकलाबाईंची गाठ मात्र सोडली नाही. त्या गाठीवर त्यांचा अंगठा थोडा वेळ राहिला.

गुडघ्यांमुळं त्यांना संचामागं वाकता येत नव्हतं. "तू लाव. पट्ट्यांवर लिहिलंय, ते वाचून लाव," ते म्हणाले.

जान्हवी संचामागं शिरली. मित्रांनो, जान्हवी मराठी बोलते, पण शाळा हिंदी. मराठी वाचताना अडखळते. आणि त्या घरात 'उजवा हात' कुणी म्हणतच नाही, सगळे म्हणतात सीधा हात, उलटा हात. तिनं पट्टीवरचं 'उजवा' वाचलं आणि तिला वाटलं, उजला. उजला म्हणजे सफेद. तिनं माझी पांढरी पिन त्यात बसवली. दुसऱ्या पट्टीवरचा शब्द तिला कळला नाही, पण लाल पिन एकच उरली होती आणि खाचही एकच. तीही बसली.

मला ओरडावंसं वाटलं. जन्मात माझी कुणी अशी उलटी जोडणी केली नव्हती. रत्नाकररावांसमोर माझी लाज जाणार, या विचारानं मी अवघडून गेले. एवढी शहाणी मी.

"लागलं?" आजोबांनी विचारलं.

"लागलं," जान्हवी म्हणाली, आणि तिनं बारसं सुरू केलं.

ते खुर्चीत बसले होते, पण बसणं असं, की आता उठायचंच आहे. आणि त्यांच्या उजव्या कानाशी, त्या चांगल्या कानाशी, कुणीतरी वाकून विचारलं, "अहो, येतंय का ऐकू?"

रत्नाकररावांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

पाळणा सुरू झाला. टेकरीवरचा वारा आला, दोरा हलला. सगळा गलका डावीकडं, त्यांच्या गेलेल्या कानाकडं वाहून गेला होता आणि उजवीकडं फक्त त्या होत्या. मधे एकदा श्वास घेतला तोही ऐकू आला. मी जाळी घट्ट आवळून धरली होती. एक कुरकुर आत येऊ दिली नाही.

संपल्यावर रत्नाकररावांनी खुणेनं सांगितलं, पुन्हा. जान्हवीनं पुन्हा लावलं. "अहो, येतंय का ऐकू?"

"येतंय," ते म्हणाले. "येतंय हं, शशी. सगळं येतंय."

पुष्कळ वेळानं त्यांनी डोळे पुसले आणि त्यांच्यातला कारागीर जागा झाला. त्यांनी डोकं डावीकडं वळवलं, मग उजवीकडं. कपाळाला आठी पडली. "हा माइक तर डावीकडं लावला होता मी. बेटा, पांढरी पिन कशात लावलीस?"

"उजल्यात. तुम्हीच लिहिलंय ना, उजला. सफेद."

मग त्यांनी आपल्या हातानं उजवा कान बंद केला आणि डाव्यानं ऐकायचा प्रयत्न केला. स्पीकर वाजत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. त्यांनी हात खाली घेतला.

"आवाज गेला नव्हता," ते हळू म्हणाले. "कान गेला होता. चार वर्षं मी धरून बसलो, की तिचा आवाज माझ्या हातून पुसला गेला."

जान्हवी घाबरली. "मी उलटं लावलं का? मी आत्ता सीधं करते."

"हात लावू नकोस," आजोबा म्हणाले. "तू उलटं लावलंस, म्हणून तर सीधं झालं."

संध्याकाळी अभिषेक घरी आला. बाप गाणं ऐकतोय हे बघून तो दारातच थबकला. मग सवयीनं संचामागं वाकला आणि म्हणाला, "बाबा, पिना उलट्या लागल्यात." त्यालाही तेच उत्तर मिळालं. कॉम्प्युटर सामानवाल्याकडं गेला नाही. पुढच्या आठवड्यात ओळखीच्या एकानं त्यातून बारसं काढून तीन ठिकाणी ठेवून दिलं. आणि रत्नाकरराव, जे कधी जाणार नव्हते, ते अभिषेकबरोबर कानाच्या डॉक्टरकडं गेले. कानात घालायचं मशीन मिळालं, ते कधी लावतात, कधी विसरतात.

मित्रांनो, आता माझं वय झालंय. बाजारात माझ्यासारख्या वायरी कमी झाल्यात, लोक म्हणतात पुढं वायरच लागणार नाही. न लागो. तुमच्या घरात एखादी जुनी वायर सापडली तर तिची दोरी करण्याआधी घरातल्या मोठ्या माणसाला एकदा विचारा, ही कशाची? आणि कुणाचा आवाज ऐकू येईनासा झाला, तर तो गेला असं लगेच धरून बसू नका. जरा बाजू बदलून बघा.

माझी पांढरी पिन अजून उजव्यातच आहे. जान्हवीनं पट्टीवरचा तो शब्द आता नीट वाचायला शिकून घेतलाय, पण पिन कुणी हलवत नाही. दर रविवारी सकाळी रत्नाकरराव खुर्चीत बसतात, माझ्यातून तो प्रश्न जातो, आणि ते उत्तर देतात.